जुन्या बर्ट्रॅम ३१ साठी डिझेल इंजिने निवडताना

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर माझे आतेभाऊ आणि मी मिळून एक एकतीस फुटी बर्ट्रॅम सांभाळतो. ती १९७० च्या दशकात मायामीत बांधली गेली आणि तिच्यातली दोन मोठी पेट्रोल इंजिने आता बदलण्याच्या अवस्थेला आली आहेत. त्यांच्या जागी डिझेल इंजिने बसवायची, इथवर आमचे एकमत लगेच झाले. कोणती बसवायची यावर मात्र सगळा हिवाळा वाचन, आकडेमोड आणि बोटयार्डातल्या जाणत्या मेकॅनिकांशी बोलण्यात गेला. या शोधात ज्याला त्याला पहिला प्रश्न पडतो तो अश्वशक्तीचा, आणि माझ्या मते नेमका तोच प्रश्न सर्वांत शेवटी विचारायला हवा. भरलेली बोट कोणत्या वेगाने, किती लांब आणि किती तास चालवायची आहे हे आधी ठरवावे आणि तिथून उलट मोजत इंजिनापर्यंत यावे. या लेखात तो हिशोब मांडला आहे.

आधी बोटीविषयी, कारण इतक्या जुन्या बोटीवर तिच्या बाजारभावापेक्षाही जास्त खर्च करण्याचे समर्थन तिच्या तळाच्या घडणीतच आहे. १९६० साली मायामी ते नासाऊ ही मोटरबोटींची शर्यत खवळलेल्या समुद्रात झाली आणि ती डिक बर्ट्रॅम यांच्या ‘मॉपी’ नावाच्या लाकडी बोटीने जिंकली. तिचा आराखडा रे हंट यांचा होता. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या फळीपर्यंत तळ खोल व्ही आकाराचा ठेवायचा आणि मागेसुद्धा तो तेवीस-चोवीस अंशांनी उतरता राहू द्यायचा, ही हंट यांची कल्पना होती. त्याच बोटीवरून साचा काढून १९६१ पासून फायबरग्लासची बर्ट्रॅम ३१ बनू लागली आणि १९८३ पर्यंत तिचे नियमित उत्पादन चालू राहिले. हा तळ लाटेवर आदळत नाही, लाट कापत जातो, आणि म्हणूनच एवढ्याशा लांबीची बोट घेऊन लोक किनाऱ्यापासून दूर जाऊ लागले. तिचे दोषही प्रसिद्ध आहेत. ती अंगावर बरेच पाणी उडवते, आणि थांबली की बऱ्यापैकी डुलते. खोल व्ही तळाला पाण्यावर उठून धावण्यासाठी सपाट तळापेक्षा जास्त शक्ती लागते, ही गोष्ट इंजिन निवडताना प्रत्येक पायरीवर लक्षात ठेवावी लागते.

पेट्रोल का सोडायचे, हे थोडक्यात सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती बोटीच्या तळाशी साचते. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे ब्लोअर चालवून ती बाहेर काढावी लागते, आणि ही दक्षता मालकाने आयुष्यभर एकदाही चुकवून चालत नाही. दुसरे कारण इथेनॉलचे. २००० च्या दशकात अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळू लागल्यावर त्या पिढीच्या अनेक बोटींमधल्या फायबरग्लासच्या टाक्यांची राळ विरघळू लागली, आणि तिचा काळा चिकट थर इंजिनाच्या व्हॉल्व्हांवर जमून इंजिने निकामी झाली. तिसरे आणि आमच्यासाठी निर्णायक कारण म्हणजे पल्ला.

उन्हाळ्याच्या अखेरीस इथले मासेमार ज्या ट्यूनासाठी, म्हणजे कुप्यासाठी, जिवाचे रान करतात तो हडसन कॅनियनच्या काठावर मिळतो. हडसन नदीच्या मुखासमोर खंडाच्या उथळ कडेला कापत गेलेली ही समुद्राखालची दरी आमच्या खाडीमुखापासून ऐंशी-नव्वद सागरी मैलांवर आहे. नव्वद धरले तर जाऊन-येऊन एकशे ऐंशी मैल होतात, आणि त्याखेरीज तिथे सात नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आसपास संथ वेगाने गळ ओढत फिरण्याचे तास वेगळे. आमच्या टाकीत २२० गॅलन इंधन मावते. एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश राखीव, हा समुद्रावरचा जुना नियम आम्ही मोडत नाही. म्हणजे सगळी मोहीम दीडशे गॅलनच्या आत बसली पाहिजे. आमच्या दृष्टीने इंजिनाची निवड या एका आकड्यापासून सुरू झाली.

आता वजन. जुन्या माहितीपत्रकात बर्ट्रॅम ३१ चे वजन साधारण १०,६०० पौंड दिलेले असते आणि पुष्कळ लोक तोच आकडा हिशोबात घेतात. पण त्या वजनाची बोट कधीच समुद्रावर जात नाही. पेट्रोल इंजिनांच्या जागी डिझेल आणि त्यांचे गिअरबॉक्स आले की सहा-सातशे पौंड सहज वाढतात, पूर्ण टाकीतले डिझेल साडेपंधराशे पौंडांचे असते, आणि त्यावर पाच माणसे, बर्फ, गळ आणि जीवरक्षक साहित्य. आम्ही १४,००० पौंड धरले. तुमच्या यार्डातल्या उचलयंत्राला वजनाचा काटा असेल तर बोट भरलेली असताना एकदा तोलून घ्यावी. या कामात त्याहून स्वस्त आणि उपयोगी माहिती दुसरी नाही.

अशा बोटींसाठी एक जुने ढोबळ सूत्र आहे. वजनाला शाफ्टवरच्या, म्हणजे पंखा (प्रॉपेलर) फिरवणाऱ्या दांड्यावरच्या, अश्वशक्तीने भागावे, त्याचे वर्गमूळ काढावे, आणि १५० ला त्या वर्गमुळाने भागावे, म्हणजे नॉटमधला वेग येतो. उलट मोजले तर १४,००० पौंडांची बोट २२ नॉटने चालवायला सुमारे ३०० अश्वशक्ती लागते, म्हणजे प्रत्येक इंजिनाकडून १५०. डिझेल इंजिन ताशी एक गॅलन जाळून साधारण वीस अश्वशक्ती देते. त्या हिशोबाने दोन्ही इंजिने मिळून ताशी १५ गॅलन आणि गॅलनमागे जवळजवळ दीड मैल. एकशे ऐंशी मैलांना सुमारे १२२ गॅलन, आणि रात्रभराच्या संथ फिरण्याला आणखी पंचवीस. हिशोब दीडशेच्या आत बसला. तेच जुने पेट्रोल इंजिन एका गॅलनमध्ये बारा अश्वशक्तीच्या वर क्वचितच जाते, म्हणजे त्याच वेगाला ताशी पंचवीस गॅलन, आणि नुसत्या प्रवासातच दोनशेहून अधिक. आमच्या टाकीत ती सफर सुरक्षितपणे बसतच नव्हती.

इथे निवडीचा खरा गाभा येतो. सफरीच्या वेगाला दर इंजिनाकडून दीडशे अश्वशक्ती हवी, हे एकदा कळले की माहितीपत्रकातली कमाल शक्ती दुय्यम होते, आणि ती दीडशे अश्वशक्ती इंजिन किती लिटरच्या पोटातून काढणार आहे हा प्रश्न पुढे येतो. डिझेलचे आयुष्य तासांपेक्षाही ते किती भाराखाली जगले यावर ठरते. आमच्यापुढे तीन जोड्या होत्या. पहिली, कमिन्सचे ६बीटीए ५.९, ५.९ लिटरचे, सरळ रांगेतले सहा सिलिंडर, ३३० अश्वशक्ती मिनिटाला २,८०० फेऱ्यांना. दुसरी, यानमारचे ८एलव्ही, साडेचार लिटरच्या आतले व्ही-८, ३२० अश्वशक्ती ३,८०० फेऱ्यांना. तिसरी, यानमारचेच ४एलव्ही, २.८ लिटरचे चार सिलिंडर, २५० अश्वशक्ती. ही शेवटची दोन्ही टोयोटाच्या मोटारींच्या इंजिनांवर आधारलेली आहेत. भारतातल्या वाचकांना ४एलव्हीची ओळख फॉर्च्युनरच्या २.८ डिझेलवरून लगेच पटेल.

दीडशे अश्वशक्तीचा भार या तिघांवर टाकून पाहिला. कमिन्स दर लिटरमागे पंचवीस अश्वशक्ती देत चालेल, व्ही-८ चौतीसच्या आसपास आणि छोटे चार सिलिंडरचे चोपन्न. चोपन्न म्हणजे तासन्‌तास साठ टक्के शक्तीवर. आधुनिक इंजिन ते करू शकते यात शंका नाही, आणि त्याचे कमी वजन हा मोठा गुण आहे, कारण बोट हलकी झाली की लागणारी शक्तीही कमी होते. हलक्या बोटीला आणि जवळच्या मासेमारीला मी तेच सुचवीन. पण समोरून वारा असताना, लाटांमुळे बोट पुनःपुन्हा पाण्यावरून खाली बसत असताना आणि टाकी भरलेली असताना सूत्रातला ३०० चा आकडा सहज साडेतीनशेवर जातो. त्या वेळी हाताशी उरलेली शक्ती मला वेगासाठी नको, तर मागून येणाऱ्या लाटेपुढे राहून खाडीमुख ओलांडण्यासाठी हवी आहे. ३३० ची जोडी घेतली तर कमाल वेग तीस नॉटच्या थोडा वर जाईल. तो आम्ही किती वेळा वापरू, हा प्रश्न आमच्या निवडीत आलाच नाही.

जुन्या बंदरांत डेट्रॉइट डिझेलचे नाव निघाल्याशिवाय हा विषय संपत नाही. १९३८ मध्ये आलेल्या त्यांच्या ७१ मालिकेतल्या टू-स्ट्रोक इंजिनांनी दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिक उतरवणाऱ्या हिगिन्स बोटी चालवल्या, आणि पुढे ७१ व ९२ मालिकेच्या व्ही इंजिनांनी मोठ्या स्पोर्टफिशिंग बोटींची एक अख्खी पिढी ओढली. त्यांचा आवाज ओळखणारी माणसे आजही धक्क्यावर भेटतात आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. मात्र आमच्या आकाराच्या बोटीत बसणारे त्यांचे छोटे इंजिन ४-५३ वजनाच्या मानाने शक्ती कमी देते, तेल गाळते, आणि संथ फिरताना धूर सोडते. जिथे ते आधीच बसलेले आणि धडधाकट आहे तिथे ते ठेवावे. नव्याने बसवण्याचे कारण मला दिसत नाही.

संथ फिरण्याच्या मुद्द्याचा मात्र जेवढा विचार होतो त्याहून जास्त व्हायला हवा. मासेमारीच्या बोटीचे निम्म्याहून अधिक तास जेमतेम भाराखाली जातात. थंड पडलेल्या सिलिंडरात डिझेल पुरते जळत नाही, पांढरा धूर निघतो, आणि चालत्या बोटीच्या मागे हवेचा जो पोकळ भोवरा तयार होतो तो हा धूर परत मागच्या डेकवर आणतो, जिथे माणसे गळ सांभाळत उभी असतात. इलेक्ट्रॉनिक कॉमन-रेल इंजिन, ज्यात इंधनाचा फवारा संगणक नियंत्रित करतो, या बाबतीत निःसंशय सरस आहे. ते कमी धूर सोडते आणि आवाजही कमी करते. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनाची बाजू वेगळी आहे. त्याला स्वच्छ डिझेल, हवा आणि गार पाणी मिळाले की ते चालत राहते, आणि नव्वद मैल दूर अंधारात एखादा सेन्सर रुसला म्हणून ते शक्ती कमी करत नाही. अमेरिकेत या शक्तीचे नवे सागरी डिझेल आता टियर ३ च्या उत्सर्जन नियमांत बसावे लागत असल्याने ते इलेक्ट्रॉनिकच असते. यांत्रिक ६बीटीए हवे असेल तर ते कारखान्यातून किंवा विश्वासू कार्यशाळेतून पूर्ण उघडून पुन्हा बांधलेलेच मिळते.

आमचा कौल त्या पुन्हा बांधलेल्या कमिन्सच्या जोडीकडे गेला. त्याचे एक कारण वर दिलेच आहे, आणि दुसरे सुट्या भागांचे. हेच बी-मालिकेचे ५.९ लिटर इंजिन १९८९ पासून डॉजच्या पिकअप ट्रकांत बसू लागले, त्यामुळे त्याच्या मूळ ब्लॉकचे भाग अमेरिकेच्या कोणत्याही गावात मिळतात. आतेभावांना, ज्यांना मी दादा म्हणतो, हे इंजिन नवखे नव्हते. पुण्यात १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली आणि नंतर टाटा कमिन्सने बी-मालिका ट्रकांत आणली. त्यांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षे अशाच ट्रकांच्या देखभालीत गेली होती. त्याचा कॅमशाफ्ट गिअरने फिरतो, पट्ट्याने नाही, हा मुद्दा त्यांनीच ठामपणे मांडला.

या इंजिनाचा एक नाजूक भाग मात्र प्रत्येक खरेदीदाराने माहीत करून घ्यावा. टर्बोमधून आलेली गरम हवा गार करणारा आफ्टरकूलर खाऱ्या पाण्यावर चालतो. त्याच्या सांध्यांतून पाणी हवेच्या बाजूला झिरपले तर ते थेट सिलिंडरात जाते आणि इंजिन संपते. दर दोन वर्षांनी तो पूर्ण बाहेर काढून, साफ करून, सांध्यांना ग्रीस लावून आणि दाबाखाली तपासून परत बसवणे हा खर्च इंजिनाच्या किमतीतच धरावा. वापरलेली जोडी घेताना याच कामाच्या पावत्या मी सर्वांत आधी मागेन, तासांचे मीटर नंतर पाहीन.

इंजिन ठरल्यावर खरे अवघड काम उरते ते गिअरबॉक्स आणि पंख्याचे, आणि माझ्या पाहण्यात चांगली इंजिने अकाली गेली ती बहुधा इथल्या चुकीमुळे. पंख्याला इंजिनाच्या फेऱ्यांशी कर्तव्य नसते, त्याला फक्त शाफ्टच्या फेऱ्या समजतात. कमिन्सच्या २,८०० फेऱ्यांना दीडास एकचा गिअरबॉक्स लावला तर शाफ्ट १,८६७ वर फिरतो. यानमारच्या ३,८०० ला दोनास एक लावला तर १,९०० वर. म्हणजे दोघांचे पंखे जवळजवळ सारखेच निघतात. जास्त गुणोत्तर घेऊन पंखा मोठा आणि संथ करावा, असे तत्त्व सांगते आणि ते बरोबरही आहे, पण बर्ट्रॅमच्या शाफ्टचा आधार आणि तळ यांच्यामध्ये जागा ठरलेली आहे. पंख्याच्या पात्याचे टोक आणि तळ यांत व्यासाच्या निदान दहा टक्के, शक्य तर पंधरा टक्के अंतर हवे. ते कमी झाले की प्रत्येक पाते तळाजवळून जाताना धक्का देते आणि सगळी बोट थरथरते. आमच्या बोटीत त्या अंतरानेच गुणोत्तर ठरवले.

पिच, म्हणजे पंखा एका फेरीत हिशोबाने जितका पुढे सरकेल ते अंतर, ठरवताना एकच कसोटी आहे. पूर्ण भरलेल्या बोटीत, पूर्ण थ्रॉटलला, इंजिनाने आपल्या ठरलेल्या कमाल फेऱ्या गाठल्याच पाहिजेत, आणि थोड्या ओलांडल्या तर अधिक चांगले, कारण तळावर शेवाळ धरल्यावर आणि सामान वाढल्यावर त्या उतरतात. जड पिचचा पंखा लावला तर कमी फेऱ्यांवर बोट वेगात जाते आणि मालक खूश होतो; पण ते इंजिन खंबाटकी घाटात चौथ्या गिअरवर रेटलेल्या ट्रकासारखे चाललेले असते. डिझेल जास्त, हवा कमी, एक्झॉस्टचे तापमान वर, आणि काही मोसमांत व्हॉल्व्ह किंवा पिस्टन जातो. २,८०० च्या इंजिनाने २,६०० च गाठले तर ते अगदी सफरीच्या वेगालाही जास्त भाराखाली चालत असते. म्हणून थ्रॉटल मागे घेऊन हा दोष झाकत नाही.

बाकीच्या कामांची यादी लांब आहे, पण तिच्यातल्या दोन-तीन गोष्टी इंजिनाची किंमत देण्यापूर्वीच मोजायला हव्यात. बर्ट्रॅम ३१ मध्ये इंजिने मागच्या डेकवरच्या दोन पेट्यांखाली असतात आणि लोक त्या पेट्यांवर बसतात. उंच सहा-सिलिंडर इंजिनाने त्या पेट्यांची उंची वाढते, आणि रुंद व्ही-८ ने दोन इंजिनांमधली हात घालण्याची जागा जाते. आम्ही पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा साचा करून आत ठेवून पाहिला, आणि बाहेरच्या बाजूचे तेलाचे फिल्टर हाताला लागतात की नाही हे तेव्हाच कळले. एक्झॉस्टची जुनी नळी डिझेलला पुरत नाही, कारण टर्बोला मागचा दाब सोसत नाही. एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळण्याचा एल्बोही, म्हणजे वाकलेली नळीही, जलरेषेच्या पुरेसा वर नेला नाही तर मागून आलेली लाट इंजिनापर्यंत पोहोचते. हवेसाठी एकूण अश्वशक्तीला ३.३ ने भागून येतील तितके चौरस इंच उघडे क्षेत्र लागते, म्हणजे आमच्या ६६० साठी दोनशे चौरस इंच, आणि जुन्या बाजूच्या झडपा त्याच्या जवळपासही नव्हत्या. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला परतीची नळी नसते, डिझेलला असते, त्यामुळे टाकीला नवे तोंड पाडावे लागते. आमची टाकी जुन्या फायबरग्लासची असल्याने आम्ही ती काढून ॲल्युमिनियमची घेतली. आणि इंजिने ज्या लांब फायबरग्लासच्या तुळयांवर बसतात त्या आतून ओल्या नाहीत ना, हे इंजिने बाहेर असतानाच तपासावे.

एकच मोठे डिझेल, किंवा मागच्या फळीवर आउटबोर्ड, हे दोन पर्यायही लोक सुचवतात. पहिला इंधन वाचवतो, पण उधाणात बार्नेगॅटसारख्या वाळूच्या मुखातून आत येताना मला दुसरे इंजिन हवे आहे. दुसरा वजन सगळे मागे नेतो, आणि मासा नेमका मागच्या फळीवरूनच वर घ्यायचा असतो.

आता जुनी इंजिने उतरली आहेत, तुळया कोरड्या निघाल्या आहेत, आणि नवी जोडी वसंतात येईल. पंखे आम्ही सूत्राने येणाऱ्या पिचपेक्षा एक इंच कमी पिचचे मागवले आहेत. या आकाराला एका इंचाने इंजिनाच्या शंभर-सव्वाशे फेऱ्यांचा फरक पडतो. टाकी भरून, पाच माणसे आणि बर्फ चढवून समुद्रावर चाचणी घेऊ, आणि फेऱ्या २,८०० च्या फारच वर गेल्या तर पिच वाढवून घेऊ. त्या चाचणीत टर्बोचा दाब, एक्झॉस्टचे तापमान आणि ताशी इंधन या तिन्ही आकड्यांची नोंद करून ती सुकाणूशेजारच्या कप्प्यात ठेवायची आहे, म्हणजे पुढच्या मोसमात एखादा आकडा हलला तर कोणत्या भागाकडे पाहायचे ते कळेल.